टाचदुखी, इंजेक्शन आणि शॉकवेव्हचे पॅकेज

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका असून माझे वय ४६ आहे. गेले दहा महिने माझी उजवी टाच दुखते. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवला की पहिली आठ-दहा पावले भिंतीला धरून टाकावी लागतात. नंतर जरा मोकळे वाटते, पण शाळेत चार-पाच तास उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढल्याचे दिसले. टाचेत स्टिरॉइडची दोन इंजेक्शने झाली. पहिल्याने दोन महिने आराम पडला, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या दुसऱ्याने मात्र फारसा फरक नाही. मला ५ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आता एका केंद्रात शॉकवेव्हच्या १० सिटिंगचे पॅकेज सुचवले आहे. १८,००० रुपये आगाऊ भरायचे आहेत आणि ‘मशीनने वाढलेले हाड फुटून जाईल’ असे सांगितले आहे. यात विजेचे झटके देतात का? हा उपचार घ्यावा की नाही? माझ्या थोरल्या भावाच्या खांद्यात कॅल्शियम साठले आहे. हृदयाची झडप बदलल्यामुळे त्याला रक्त पातळ ठेवण्याची गोळी आहे. त्यानेही हा उपचार घ्यावा का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे भरण्याच्या आधी विचारलेत, याचे मला फार समाधान वाटले, म्हणून आधी थेट उत्तर देते. शॉकवेव्ह हा तुमच्या दुखण्यासाठी विचारात घेण्याजोगा उपचार आहे, परंतु तो या आठवड्यात घेऊ नका, १० सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका आणि हाड फोडण्यासाठी म्हणून तर मुळीच घेऊ नका. या तिन्हींची कारणे पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट नोंदवते : तुमच्या पत्रात एक्स-रे आहे, इंजेक्शने आहेत, मशीन आहे, पण दहा महिन्यांत तुम्हाला कोणी नीट व्यायाम शिकवल्याचा उल्लेख कुठेही नाही. माझ्या मते तुमच्या टाचेची खरी अडचण तिथे आहे.

तुम्ही वर्णन केलेले दुखणे ऐकताच ओळखू यावे असे आहे. टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूपासून बोटांच्या बुडापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान धनुष्यासारखी मानली, तर हा पट्टा तिची प्रत्यंचा होय. पाऊल उचलताना अंगठा वर वाकतो, पट्टा ताणला जातो, कमान घट्ट होते आणि शरीराचे वजन पुढे ढकलले जाते. ही क्रिया दिवसातून हजारो वेळा घडते. उभे राहण्याचे काम, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी यांमुळे पट्ट्यावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार येत राहिला, तर तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे त्याचे तंतू बारीक प्रमाणात तुटू लागतात. रात्री पाय विसावलेला असताना पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. भिंतीला धरावे लागते ते त्यामुळे.

या विकाराला प्लँटर फॅसायटिस म्हणतात. या नावातच दाह गृहीत धरलेला आहे, मात्र दुखणे जुने झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते त्यात दाहापेक्षा झीज अधिक असते : विस्कटलेले तंतू, जाड झालेला पट्टा आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. सोनोग्राफीत हा पट्टा ४ मिलिमीटरपेक्षा जाड भरला, तर निदानाला बळकटी मिळते. शरीराने दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि मध्येच सोडून दिले, असे काहीसे या ठिकाणी झालेले असते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शॉकवेव्हचा सगळा युक्तिवाद या अर्धवट सुटलेल्या कामावर उभा आहे.

आता वाढलेल्या हाडाविषयी. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखे टोक दिसले की रुग्णाला वाटते, हे टोक चालताना मांसात रुतते. चित्र इतके पटण्यासारखे असते की ते मनातून काढणे कठीण जाते, पण ते खरे नाही. टाच कधीही न दुखलेल्या अनेक लोकांच्या एक्स-रेमध्येही असे टोक सापडते आणि टाच अतिशय दुखणाऱ्या कित्येकांना ते नसते. शिवाय ते बहुतेक वेळा त्या पट्ट्यात नसून त्याच्या वरच्या बाजूच्या स्नायूच्या उगमाशी असते. शॉकवेव्हने पूर्ण बरे वाटलेल्या रुग्णाचा एक्स-रे पुन्हा काढला, तर हाडाचे ते टोक सहसा जसेच्या तसे दिसते. तेव्हा हाड फुटण्याचे आश्वासन देणारा माणूस एक तर उपचार समजून न घेता तो देत आहे, किंवा समजून घेऊनही तुम्हाला चुकीचे सांगत आहे. दोन्ही परिस्थितींत आपला पाय त्याच्या हाती देण्यापूर्वी थांबावे.

हा गैरसमज आला कुठून, हेही सांगते, कारण त्यात तुमच्या विजेच्या झटक्याच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. जर्मनीतील डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीत, अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून पत्र्याचे नुकसान कसे होते, याचा अभ्यास चालू होता. १९६६ साली अशाच एका प्रयोगात वेगवान गोळी लक्ष्यावर आदळली, त्या क्षणी एका अभियंत्याचा हात लक्ष्याला लागलेला होता आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, अशी हकिगत सांगितली जाते. मोजमाप केल्यावर विजेचा मागमूसही आढळला नाही. आघातातून निर्माण झालेली दाबाची लहर हातातून शरीरात शिरली होती. त्वचेला इजा न करता शरीरात खोलवर शिरणाऱ्या या लहरीचा उपयोग मूत्रपिंडातील खडे फोडण्यासाठी करता येईल, ही कल्पना पुढे रुजली आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर तसा उपचार झाला. मुतखड्यासाठी ‘मशीनने खडा फोडला’ असे आज आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, ते हेच तंत्र. त्याच यंत्राची धाकटी भावंडे नंतर हाडे आणि स्नायूंच्या दुखण्यांकडे वळली, पण ‘फोडण्याचा’ अर्थ लोकांच्या मनात चिकटून राहिला. टाचेसाठी वापरली जाणारी ऊर्जा कितीतरी सौम्य असते आणि तिचा हेतूही निराळा असतो. जुन्या, न भरणाऱ्या दुखापतीला ती एक मोजका आघात देते, पेशी त्या दाबाला प्रतिसाद देतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटण्यास आणि तंतूंची बांधणी करणाऱ्या द्रव्यांचे स्रवण होण्यास चालना मिळते, तसेच वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची संवेदनशीलता काही काळ मंदावते. यांतील बराच भाग प्राण्यांवरील प्रयोगांतून कळला आहे. माणसाच्या टाचेत त्यांपैकी कशाचा वाटा किती, याचे उत्तर अजून पक्के झालेले नाही.

थोडक्यात, ताई, यात वीज शरीरात जात नाही. दुखते मात्र. त्याविषयी पुढे सांगते.

केंद्रात विचारण्याचा पहिला प्रश्न असा : तुमचे मशीन कोणत्या प्रकारचे आहे? ‘शॉकवेव्ह’ या एकाच पाटीखाली दोन वेगळी यंत्रे चालतात. एका प्रकारात लहर एका बिंदूवर केंद्रित केली जाते. तिचा दाब सेकंदाच्या अब्जांश भागांत टोकाला पोहोचतो आणि ती अनेक सेंटिमीटर खोल, नेमक्या जागी पोहोचवता येते. हे यंत्र महाग असते. दुसऱ्या प्रकारात दाबलेल्या हवेच्या जोरावर नळीतील एक छोटा धातूचा तुकडा पुढे फेकला जातो, तो टोकावर आदळतो आणि तिथून दाबाची लहर पसरत जाते. तिचा जोर त्वचेजवळ सर्वाधिक असतो आणि खोल जाताना ओसरत जातो. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर हिला शॉकवेव्ह म्हणताही येणार नाही, तरी फिजिओथेरपीच्या बहुतेक केंद्रांत हेच दुसरे यंत्र असते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही, कारण टाचेचा पट्टा फार खोल नसतो व या यंत्राचाही टाचेवर चांगला अभ्यास झालेला आहे. प्रश्न विचारायचा तो एवढ्यासाठी, की उत्तर देणाऱ्याला आपले यंत्र, त्यावरचा दाब आणि ठोक्यांची संख्या सांगता येते का, हे तुम्हाला कळावे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला तुमच्या पायासाठी मात्रा ठरवता येणार नाही.

उपचाराचा गुण किती येतो, हे सांगताना मला जपून बोलावे लागेल, कारण पुरावा सरळ रेषेत जात नाही. अमेरिकेतील औषध प्रशासनाने जुन्या टाचदुखीसाठी अशा पहिल्या यंत्राला २००० साली मान्यता दिली. त्यानंतर २००२ साली ऑस्ट्रेलियातील आणि २००३ साली जर्मनीतील, असे दोन काळजीपूर्वक केलेले अभ्यास प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत खरा उपचार व खोटा उपचार यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जर्मनीतील अभ्यासात २७२ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी खरा उपचार मिळालेल्यांपैकी ३४ टक्के आणि नुसते यंत्र लावल्याचा देखावा केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांना यश आले होते. या आकड्यांवर अनेकांनी उपचारच मोडीत काढला. पुढे मात्र लक्षात आले की त्या जर्मन अभ्यासात टाच इंजेक्शनने बधिर करून लहरी दिल्या होत्या, आणि बधिर केल्याने गुण कमी होतो, असे नंतरच्या तुलनेत दिसून आले. बधिर न करता, तुमच्याकडे ज्या प्रकारचे यंत्र असण्याची शक्यता अधिक आहे त्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने, तीन सिटिंग देऊन केलेला मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांनी खऱ्या उपचाराला ६१ टक्के, तर खोट्या उपचाराला ४२ टक्के यश मिळाले.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा. १०० पैकी ४२ जण लहरी न मिळताही सुधारले, कारण हे दुखणे काळाने ओसरणारे आहे आणि उपचार चालू असल्याचा दिलासाही काम करतो. लहरींमुळे त्यांत सुमारे १९ जणांची भर पडली. ही भर खरी आहे, वर्षभर लंगडणाऱ्या माणसासाठी ती मोलाची आहे आणि म्हणूनच मी स्वतः हा उपचार देते. परंतु उरलेल्या ३९ जणांना तिसऱ्या सिटिंगनंतरही तसे यश मिळाले नव्हते, हेही पैसे घेण्यापूर्वी रुग्णाला सांगितलेच पाहिजे. ‘शंभर टक्के गॅरंटी’ लिहिलेला फलक दिसला, तर हा आकडा आठवावा.

आता व्यायामाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे. सहा आठवड्यांच्या आतील ताज्या टाचदुखीच्या रुग्णांचे दोन गट करून, एकाला हवेच्या यंत्राची शॉकवेव्ह आणि दुसऱ्याला फक्त तळपायाच्या पट्ट्याचा ताण देण्याचा व्यायाम, अशी तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. व्यायामाचा गट पुढे गेला. तुमचे दुखणे ताजे नाही, त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला तसाच लागू होत नाही, परंतु जो व्यायाम पहिल्या महिन्यात शिकवायला हवा होता तो दहाव्या महिन्यातही राहून गेला असेल, तर त्याच्याविना यंत्राकडे धावण्यात अर्थ नाही. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात, यंत्र नवे आले तेव्हा, मी काही रुग्णांना केवळ सिटिंग देऊन घरी पाठवत असे. त्यांना आराम पडे आणि पाच-सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी काही त्याच टाचेसाठी परत येत. दुखणे शमले होते, पण पट्ट्याची भार पेलण्याची ताकद वाढवण्याचे काम मी केलेच नव्हते. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून व्यायाम न करणाऱ्या रुग्णाला मी यंत्र लावत नाही.

पहिला व्यायाम पलंगावरच करायचा, पाय जमिनीला लावण्यापूर्वी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यावा, त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळपाय चाचपून पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो का ते पाहावे. तसा लागला म्हणजे व्यायाम नेमका होत आहे. १० अंक मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे, असे १० वेळा. दिवसातून तीनदा करावा, त्यातली एक वेळ सकाळची आणि एक वेळ शाळेत बराच वेळ बसून उठण्यापूर्वीची.

दुसरा व्यायाम ताकदीचा आहे आणि बहुतेक जण तो टाळतात, कारण दुखऱ्या टाचेला काम देण्याची भीती वाटते. जिन्याच्या खालच्या पायरीवर, कठड्याला धरून, दुखऱ्या पायाचा चवडा टेकवून उभे राहावे आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे बोटे वर वाकलेली राहतील व पट्टा ताणात येईल. तीन अंक मोजत टाच उचलावी, वर दोन अंक थांबावे, तीन अंक मोजत खाली यावे. प्रारंभी एका पायावर जमले नाही, तर दोन्ही पायांनी वर जाऊन एका पायाने खाली यावे. १२ वेळांचा एक संच, असे तीन संच, एक दिवसाआड. हे सोपे वाटू लागले की पाठीला दप्तर लावून त्यात पुस्तके वाढवत जायची, वजन वाढले की वेळा कमी करायच्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील छोट्या अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांनी केवळ ताण देण्यापेक्षा अधिक गुण दिला होता, वर्षअखेर मात्र दोन्ही गट बरोबरीला आले होते. व्यायाम करताना १० पैकी ४-५ इतके दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखले, तर एक संच कमी करावा, पण व्यायाम सोडू नये.

घरात शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर अनवाणी चालणे काही काळ बंद करावे लागेल. घराबाहेरची चप्पल स्वयंपाकघरात चालत नसेल, तर केवळ घरासाठी म्हणून मऊ, टाचेला थोडा उंचवटा असलेली वेगळी जोडी ठेवावी आणि ती पलंगाशेजारी ठेवावी, म्हणजे पहिले पाऊल तिच्यातच पडेल. पातळ झालेली हवाई चप्पल अनवाणी असल्यासारखीच. वर्गात पूर्ण तास बसून शिकवा असे सांगणे शिक्षिकेला शोभणार नाही, परंतु लागून आलेल्या दोन तासांत एखादा स्वाध्याय बसून तपासण्याची सोय मुख्याध्यापकांशी बोलून करता येईल. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, संकोच करू नका.

तुमचे दुसरे इंजेक्शन तीन आठवड्यांपूर्वी झाले आहे. स्टिरॉइडने वेदना लवकर शमतात, मात्र त्याचा प्रभाव असेपर्यंत त्या जागचे तंतू कमकुवत राहू शकतात आणि पट्टा तुटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणून इंजेक्शन आणि शॉकवेव्ह यांत किमान सहा आठवडे जाऊ द्यावेत, असा संकेत आहे. तुम्ही पत्रात लिहिलेल्या तारखा केंद्रातील कोणी विचारल्या होत्या का? विचारल्या नसतील, तर ‘लगेच सुरू करू’ म्हणणाऱ्याच्या घाईबद्दल मला काळजी वाटते. टाचेत तिसरे इंजेक्शन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहात तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे गेल्या तीन आठवड्यांत साखर तपासली नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या.

मधुमेहामुळे आणखी एक गोष्ट करावी लागेल. उपचाराच्या वेळी जोर किती ठेवायचा, हे रुग्ण ‘इथे दुखते, एवढे सोसते’ असे जे सांगतो त्यावर ठरते. तळपायाची संवेदना मंदावली असेल, तर हे मार्गदर्शन चुकीचे मिळेल आणि त्वचेला इजा झाली तरी कळणार नाही. तेव्हा डॉक्टरांकडून दोन्ही तळपायांची संवेदना बारीक नायलॉनच्या तंतूने आणि कंपन-चिमट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तपासून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. त्याच भेटीत त्यांनी तुमची टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबून पाहावी. तशा दाबण्याने जोरात कळ आली, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. रात्री झोपेत तळपायाची आग होणे किंवा मुंग्या येणे, दोन्ही टाचा दुखणे, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असणे, यांपैकी काही तुम्हाला होत असेल तर तेही सांगा, कारण मग कारण नसेत किंवा सांध्यांच्या आजारात शोधावे लागेल आणि शॉकवेव्ह बाजूला राहील.

सर्व ठीक निघाले, सहा आठवडे होऊन गेले आणि व्यायाम नियमाने करूनही दुखणे फारसे हटले नसेल, तर सिटिंग सुरू करावे. आठवड्याच्या अंतराने तीन, प्रत्येकी सुमारे २,००० ठोके. प्रत्यक्ष ठोक्यांना पाच-सात मिनिटे पुरतात. आधी बोटाने दाबून सर्वांत दुखरी जागा शोधली जाते, जेल लावले जाते आणि जोर कमीपासून हळूहळू वाढवला जातो. ठोके जुन्या दुखण्याच्याच जागी बसत असल्याने ते चांगलेच जाणवतात, १० पैकी ६-७ इतके दुखणे अपेक्षित आहे आणि त्यापलीकडे गेले तर सांगून जोर कमी करून घ्यावा. पहिल्या मिनिटानंतर जागा थोडी बोथट होते. बधिर करण्याचे इंजेक्शन मागू नका, त्याचे कारण वर आलेच आहे. नंतर एक-दोन दिवस लाली, सूज किंवा किंचित काळे-निळे डाग राहू शकतात. त्या दिवसांत दूरवर चालणे व ताकदीचा व्यायाम थांबवावा, ताण देण्याचा चालू ठेवावा. दुखलेच तर पॅरासिटामॉल पुरे. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या त्या काळात टाळाव्यात असे आम्ही सांगतो, कारण जी प्रतिक्रिया आपण मुद्दाम उठवली तीच दाबण्यात हशील नाही. या शेवटच्या सूचनेमागचा पुरावा भक्कम नाही, हे मान्य करते, पण तीत नुकसानही नाही.

गुण लगेच दिसत नाही. सिटिंग झालेल्या संध्याकाळी हलके वाटणे हा तात्पुरता परिणाम असतो. खरा बदल सहा ते बारा आठवड्यांत उतरतो, कारण तंतूंची दुरुस्ती तितकाच वेळ घेते. १० सिटिंगच्या पॅकेजला माझी हरकत आहे ती यासाठी. ज्या अभ्यासांच्या आधारावर हा उपचार उभा आहे, त्यांत सहसा तीन सिटिंग दिलेली आहेत. क्वचित पाचपर्यंत जावे लागते. १० सिटिंग म्हणजे गुण येण्याचा काळ यंत्राखाली घालवायचा आणि काळाने जे सुधारले असते त्याचेही श्रेय यंत्राला द्यायचे. प्रत्येक सिटिंगचे पैसे त्या त्या दिवशी द्या. असे चालत नाही, असे उत्तर मिळाले तर दुसरे केंद्र पाहा, सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागातही चौकशी करा.

तुमच्या बंधूंविषयी. खांद्याच्या स्नायुरज्जूत साठलेले कॅल्शियम ही शॉकवेव्हला चांगला प्रतिसाद देणाऱ्या दुखण्यांपैकी एक आहे आणि तिथे अधिक ऊर्जेचे केंद्रित यंत्र कमी ऊर्जेपेक्षा सरस ठरल्याचे २००३ सालच्या अभ्यासात दिसले आहे. कॅल्शियम नसलेल्या साध्या खांदेदुखीत मात्र त्याचा लाभ फार थोडा आहे. पण झडपेसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या माणसाला तितक्या जोराच्या लहरी दिल्या, तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून त्यांनी तुमच्याबरोबर त्या केंद्रात जाऊ नये. आणि ताई, हे त्यांना कृपा करून आजच सांगा : खांद्याच्या उपचारासाठी ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. झडपेवर गुठळी होण्याचा धोका खांदेदुखीपेक्षा कितीतरी मोठा आहे. अस्थिरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावे. अशा कॅल्शियमचे साठे पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, त्यामुळे खांदा आखडू न देता वाट पाहणे हाही त्यांच्यासाठी एक उपचारच आहे.

तुमच्यासाठी आजचे काम एवढेच. एक वही घ्या आणि उद्यापासून रोज सकाळी पहिल्या पावलाचे दुखणे १० पैकी किती, हा एक आकडा तारखेसह लिहा. त्याखाली व्यायाम झाला की नाही, एवढेच. सहा आठवड्यांचे हे पान घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. आकडे उतरत असतील, तर शॉकवेव्हची गरज नाही, आहे तेच चालू ठेवा. जागीच अडकले असतील, तर तीन सिटिंग घ्या आणि तिसऱ्या सिटिंगनंतर बारा आठवड्यांनी पुन्हा तेच पान उघडा. तोपर्यंत आकडा निम्म्यावर आला नसेल, तर चौथे सिटिंग मागण्याऐवजी टाचेची सोनोग्राफी करून अस्थिरोगतज्ज्ञांकडून निदान नव्याने तपासून घ्या, आणि त्याचा अहवाल मलाही जरूर कळवा.